सायकल, गिटार, गाडीचं काम आणि अभ्यास : वेळ नेमका कुठे गळतो?

गुंतलेला_वॉशर

मंडळी, परीक्षा साडेचार महिन्यांवर आली आहे. कॉलेज आणि जाणंयेणं वगळून रोज साधारण पाच तास हातात उरतात. छंद तीन, तिन्ही हाताने करायचे : सायकल (चालवणं आणि दुरुस्ती दोन्ही), गिटार, आणि घरच्या जुन्या गाडीची किरकोळ कामं. "परीक्षेपर्यंत सगळं बंद ठेव" हा सल्ला घरी फुकट मिळतो, इथे तो नको.

अडचणी नेमक्या सांगतो. गाडीचं काम तासाभराचं म्हणून सुरू होतं आणि रात्र खाऊन टाकतं. अंदाज कसा बांधायचा? सायकल ताणून आल्यावर पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. गिटारला वीस मिनिटंच मिळणार असतील तर त्यात खरंच काही होतं की नुसतं खाजवल्यासारखं? आणि या सगळ्याचा क्रम कसा लावायचा?

पान्हेवाला

पहिली गोष्ट, तिन्ही छंदांना एकाच तागडीत घालू नका. घड्याळात किती वेळ लागतो हे नंतर बघा. मध्येच सोडता येतं का, ते आधी बघा. गिटार कुठल्याही क्षणी खाली ठेवता येते. सायकल थांबवता येते, पण तिचा थकवा नंतर वसूल होतो. गाडीचं काम मात्र अर्ध्यावर सोडलं तर गाडी जॅक स्टँडवर, ऑइल परातीत आणि डोकं त्या बोल्टात. म्हणून गाडी रोजच्या वेळापत्रकात येतच नाही. तिला पंधरवड्यातून एक सकाळ द्या, आणि तीही अशी की दुपार मोकळी असेल.

आता अंदाजाचं. कुठल्याही कामाचे तीन तुकडे असतात : काढणं, बदलणं, परत लावणं. आपण अंदाज बांधतो बदलण्याचा, वेळ जातो काढण्यात. गंजलेला बोल्ट, हात न जाणारी जागा, क्लिप तुटणं, सगळं तिथेच. त्यामुळे व्हिडिओत अर्ध्या तासाचं दिसणारं काम पहिल्यांदा करताना दीड-दोन तासांचं धरा. त्याच गाडीवर तेच काम तिसऱ्यांदा कराल तेव्हा व्हिडिओतला आकडा खरा होईल.

वेळ वाचवणारं खरं काम आदल्या रात्री दोन मिनिटांत होतं. जे बोल्ट सोडायचे आहेत त्यांचे दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि अभ्यासाला बसा. तेल रात्रभर मुरतं. सकाळी तोच बोल्ट मुकाट्याने येतो. ऐन वेळी तेल मारून लगेच पान्ह्यावर लटकलात तर डोकं गोल होणार, मग एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला बोल्ट काढायचं हत्यार), मग दुकान, मग संध्याकाळ.

उदाहरणाला इंजिन ऑइल घेऊ. सुरू करण्याआधी ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (ऑइल खाली सोडायचा बोल्ट) नवा वॉशर हातात हवेत. एक जरी नसेल तर बोल्टला हात लावायचा नाही. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन नीट गळतं, फार गरम असेल तर हात भाजतो. फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या बाजूचा पृष्ठभाग बोटाने चाचपून बघा. जुनी रबरी रिंग कधीकधी तिथेच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर येतात आणि इंजिन सुरू होताच ऑइल जमिनीवर. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट फिरवा, रिंग टेकेपर्यंत हाताने आवळा, नंतर साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. ड्रेन बोल्ट किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, बऱ्याच गाड्यांना २५ ते ४० न्यूटन-मीटर. ज्यात तो बोल्ट बसतो ते इंजिनाखालचं भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर "अजून थोडा" म्हणून आवळू नका. आटे गेले की तासाभराचं काम आठवड्याचं होतं. भरून झालं की एक मिनिट इंजिन चालवा, खाली वाकून गळती बघा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिकने (इंजिनातली मापाची पट्टी) ऑइलची पातळी बघा.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा सोडा. उलटं केलंत आणि वरचा सुटलाच नाही, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने उभी.

नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कॅडन्स_९०

पान्हेवाल्यांना +१. त्यात एक भर : काढलेले बोल्ट वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर त्या भागाची ओबडधोबड आकृती काढा, बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून खुपसा. काम अर्ध्यावर राहिलं तरी आठवड्याने परत सुरू करता येतं, आणि अभ्यास करताना "तो लांब बोल्ट कुठला होता" हा किडा डोक्यात वळवळत नाही.

आता सायकल. डोळे मिटतात कारण तुम्ही रोजच ताणता. रोजच्या चालवण्याला कसोटी एकच : चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास लागत असेल तर वेग जास्त. बोलता येईल अशा वेगाने ४५ मिनिटं चालवून आलात तर डोकं उलट ताजं असतं. दम काढणारं चालवणं आठवड्यातून दोनदाच ठेवा आणि त्या दिवशी नवीन धडा सायकलच्या आधी उरका. परत आल्यावर पुस्तक घेऊन गादीवर पडायचं नाही. पाणी प्या, काहीतरी खा, अंघोळ करा आणि खुर्चीत बसून सोडवायची कामं घ्या. गणितं, आकृत्या, जुन्या प्रश्नपत्रिका. हात चालत राहिला की झोप येत नाही. वाचन मात्र झोपवतं. झोपायच्या आधीच्या तासाभरात दम लागेल असं चालवू नका, नाडी उतरायला वेळ घेते आणि झोप पुढे सरकते.

दुरुस्तीचं म्हणाल तर आठवड्याला दहा मिनिटं ठरवून दिली की रोजचे अचानक होणारे तास वाचतात. हवा तपासा : साध्या ट्यूबमधून ती हळूहळू जातेच, म्हणजे पंक्चर आहे असं नाही. ब्रेक पॅडवरच्या खाचा शिल्लक आहेत का बघा. चेन फडक्यात धरून उलटे पेडल मारत पुसा, मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब. पूर्ण चेन झाली की थांबा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. वंगण आत हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं आणि ती धूळ चेनला कानशीसारखी घासते. हे रात्री करा, सकाळपर्यंत बसतं.

महिन्याला एकदा चेन मोजा. चेनला थोडा ताण देऊन, स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर धरा आणि २४ पिना पुढे जा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिमी भरतं. ३०६.३ झालं तर चेन अर्धा टक्का लांबली, मागे ११ किंवा १२ गिअर असलेल्या सायकलींना ती बदलायची वेळ. त्याहून कमी गिअरच्यांना ३०७ पर्यंत चालतं. पुढे ढकलत राहिलात तर झिजलेली चेन मागचे दातेही झिजवते, मग नवी चेन त्या दात्यांवरून घसरते आणि दोन्ही बदलावं लागतं.

पंक्चर : कामाच्या दिवशी ट्यूब बदला, जुनी खुंटीला टांगा. पॅच रविवारी, तीन-चार ट्यूबा एकदम. सोल्युशन लावल्यावर त्याची ओली चमक जाईपर्यंत पाचेक मिनिटं थांबावं लागतं. एका ट्यूबेला ती पाच मिनिटं वाया जातात, चार असतील तर पहिली वाळेपर्यंत चौथी घासून होते. पण ट्यूब बदलताना भोक कुठे आहे ते बघायचंच. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर टायरच्या आतून बोट फिरवा, काटा अजून तिथेच असतो. शेजारीशेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चिमटली. आतल्या बाजूला भोक म्हणजे रिमची पट्टी सरकली. कारण न बघता नवी ट्यूब घातली की तीही संध्याकाळी बसते.

गुंतलेला_वॉशर

वा, पुठ्ठ्याची युक्ती लगेच उचलतो. गिअरचं विचारायचं राहिलं. मागचा गिअर मधल्या दात्यांवर नीट चढत नाही, कडकड वाजतो. हे दहा मिनिटांतलं काम की रविवारचं?

कॅडन्स_९०

दहा मिनिटांतलं, जर तुम्ही चुकीच्या स्क्रूला हात लावला नाही तर. एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. निम्मे लोक तिथेच सुरुवात करतात आणि मग चेन स्पोकमध्ये पडते.

सायकल उचलून पेडल फिरवत ठेवा. जिथे केबल डिरेल्युअरमध्ये (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) शिरते तिथला गोल ॲडजस्टर पकडा. चेन मोठ्या दात्यावर चढायला कुरकुरत असेल तर तो मागून बघताना घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा, म्हणजे केबल ताणली जाते. लहान दात्यावर उतरायला वेळ लावत असेल तर घड्याळाच्या दिशेने. दर पाव फेऱ्याला गिअर बदलून बघा. एकूण दोन फेरे फिरवूनही सुधारणा नाही, किंवा अर्ध्या गिअरना सुधारतं आणि उरलेल्यांना बिघडतं, तर केबल आत अडकत असेल नाहीतर डिरेल्युअर जिथे टांगलेलं असतं तो हँगर वाकला असेल. तिथे थांबा. हँगर सरळ करायला मापाचं हत्यार लागतं, डोळ्याने होत नाही. मेकॅनिककडे टाका आणि अभ्यासाला बसा.

खुंटीपिळ्या

वीस मिनिटांत काही होतं का? तिघांपैकी गिटारलाच ती वीस मिनिटं सगळ्यात जास्त लागू पडतात. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी १९७८ साली ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना त्यांचे गट पाडले. एका गटाला दिवसाला एकच तास, दुसऱ्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. दिवस जास्त गेले, पण एकूण तास मोजले तर एक तासवाले कमी तासांत तयार झाले. गंमत म्हणजे सगळ्यात नाराज तेच होते. आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. वीस मिनिटांनंतर "आज काहीच झालं नाही" असं वाटलं तर त्या वाटण्यावर जाऊ नका.

मात्र वीस मिनिटांत काय करायचं हे गिटार हातात घेण्याआधी ठरलेलं हवं. दोन मिनिटं सूर लावणं. मग आठ-दहा मिनिटं एकच अडलेला तुकडा, मात्रांच्या दोन चक्रांएवढा, त्याहून मोठा नाही. मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) ज्या लयीत चूक होत नाही तिथे लावा, मग तो आकडा ५० का असेना. सलग तीनदा स्वच्छ आलं की ४ ने वाढवा. दोनदा चुकलं की ८ ने खाली या. कॉर्ड बदलायला अडत असेल तर मिनिटभर घड्याळ लावून सी ते एफ किती बदल स्वच्छ होतात ते मोजा आणि आकडा वहीत लिहा. उरलेल्या वेळात मनाला येईल ते वाजवा, नाहीतर छंद कसला.

कॉर्ड बदलताना चारही बोटं हवेत उंच उडतात, वेळ तिथे जातो. दोन्ही कॉर्डमध्ये एक बोट सामाईक असेल तर ते उचलायचंच नाही. सी वरून ए मायनरला जाताना पहिलं आणि दुसरं बोट जागेवरच राहतं, फक्त तिसरं पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येतं. हे एकदा डोळ्यांनी बघा, चार दिवसांचा सराव वाचेल.

तारा बदलणं म्हणजे अर्धा-पाऊण तास, आणि नव्या तारा पुढचे एक-दोन दिवस सूर सोडत राहतात. एकेक तार काढून लगेच नवी चढवा, मानेवरचा ताण एकदम जात नाही. खुंटीवर जाड तारांचे दोन, बारीक तारांचे तीन वेढे पुरे. बोटं फार दुखत असतील तर अकूस्टिकला ०.०१२ ऐवजी ०.०११ इंचाचा (सगळ्यात बारीक तारेची जाडी) सेट लावा, फरक लगेच कळतो.

आणि ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक ठरवणारी आतली सळई. खोलीत बसून कंटाळा आला की हात तिकडे जातो. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर सहावी तार दाबून धरा. सातव्या पडद्याजवळ तारेखाली ०.२ ते ०.३ मिमी फट दिसली की हात लावायचं कारण नाही. फट कमी आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर येत असेल तर पाव फेरा सैल करा आणि दुसऱ्या दिवशी बघा, लाकूड स्थिरावायला वेळ घेतं. दिवसाला पाव फेरा यापेक्षा अभ्यासाला सोयीचं काम दुसरं नाही.

कॅडन्स_९०

खुंटीपिळ्या, मग गिटार अभ्यासाच्या दोन बैठकांमधली सुट्टी म्हणून वापरावी का?

खुंटीपिळ्या

दहा मिनिटं, आणि फक्त बोटांचे व्यायाम. गाणं नाही. अर्धवट बसवलेलं गाणं वाजवून उठलात की ते पुढचा तासभर डोक्यात फिरत राहतं, विशेषतः जिथे अडलं होतं ती ओळ. व्यायाम डोक्यात फिरत नाहीत, इतके कंटाळवाणे असतात बिचारे. गाणं दिवसाच्या शेवटी.

उजळणी_वही

वरची ओळ महत्त्वाची आहे. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये हेच मांडलं : एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यात मागे राहतो, आणि पहिलं अपुरं असेल तर जास्त. म्हणून छंदावरून अभ्यासावर येताना एक मिनिट खर्च करा. जिथे थांबलात ते आणि परत आल्यावरचं पहिलं काम, एवढंच कागदावर लिहा. "मागचा ब्रेक, डावा पॅड बसवला, उजवा बाकी, केबल आवळलेली नाही." कागद हत्यारांपाशी ठेवायचा, अभ्यासाच्या टेबलावर नाही. केबल सैल असेल तर हँडलला चिठ्ठी अडकवा, घरातलं कोणीतरी ती सायकल घेऊन जाईल.

पाच तासांचा हिशेब असा बसतो : ९० मिनिटं अभ्यास, १५ सुट्टी, ९० अभ्यास, ४५ सायकल, २० गिटार. झाले २६० मिनिटं. उरलेली ४० मुद्दाम रिकामी सोडा. भिंतीवरची वेळापत्रकं मोडतात ती ३०० च्या ३०० मिनिटं भरलेली असतात म्हणून. एक पंक्चर झालं की सगळा पत्त्यांचा बंगला. पंक्चर झालं नाही तर ती ४० मिनिटं झोपेला द्या.

क्रम : नवीन आणि अवघड ते पहिल्या ९० मिनिटांत, कुठल्याही छंदाच्या आधी. दुसऱ्या बैठकीतली पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद ठेवून, पहिल्या बैठकीतलं आठवेल तेवढं लिहून काढा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

आणखी एक. चेन पुसताना, ऑइल गळत असताना डोकं मोकळं असतं. तिथे पुस्तक न्यायचं नाही, काळे ठसे उमटतात. सकाळच्या धड्यातली एक सिद्धता किंवा एक आकृती मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी करायची. जिथे अडेल ते संध्याकाळी बघायचं. सायकल चालवताना मात्र हे नको, आणि कानात व्याख्यान लावून रस्त्यावर तर अजिबात नको.

शेवटचे तीन आठवडे नवीन काही उघडायचं नाही. हवा, वंगण, सूर, बस्स. पेपरच्या आदल्या दिवशी कट लागेल किंवा पान्हा सटकेल असं काम टाळा. गिटारने दुखतात ती डाव्या हाताची बोटं, पण सटकलेला पान्हा लिहिता हात शोधून काढतो.

गुंतलेला_वॉशर

सगळ्यांचे आभार. ४० मिनिटं रिकामी ठेवायची कल्पना घरी कशी पटवायची ते बघतो! या शनिवारी सकाळ मोकळी आहे. गाडीचे चार स्पार्क प्लग बदलायचे आहेत, आणलेले पडून आहेत. घेऊ का हे काम, की परीक्षेनंतर?

पान्हेवाला

घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी सुरू करण्याआधी. गरम सिलिंडर हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) किंवा वायर एका वेळी एकच काढा, मग कुठली कुठे लावायची हा घोळच होत नाही. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये पडते. नव्या प्लगमधली फट पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा.

बसवताना प्लगच्या वरच्या टोकाला वीतभर रबरी नळी घाला आणि नळीने फिरवत आटे लावा. आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते. पान्हा घसरत नाही, तो आटे कापतो. दोन फेऱ्यांत अडला तर उलटा काढून परत सुरुवात. हाताने टेकल्यावर, वॉशरवाला नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, निमुळत्या बुडाचा असेल तर फक्त एक सोळांश. पुस्तिकेत टॉर्क (आवळायचा जोर) दिला असेल आणि टॉर्क पान्हा असेल तर तोच धरा.

प्रत्येक प्लगनंतर कॉइल लगेच परत बसवा. दोन झाले आणि उशीर झाला, तर गाडी बंद करून बाकीचे दोन पुढच्या शनिवारी. दोन जुने दोन नवे घेऊन ती आठवडाभर निमूट चालते.